साहेबांसाठी मुरूम

८ एप्रिल

आजपासून तारीख टाकून लिहायचे ठरवले आहे. तालुक्याच्या बांधकाम ऑफिसात बाबूने आज विचारले, "आजोबा, मागचा अर्ज कधी दिला होता?" मला सांगता आले नाही. मी म्हणालो, घरात तूर आली होती तेव्हा. बाबू हसला. पलीकडच्या टेबलावरची बाईही हसली. तुरीवरून कॉम्प्युटरला तारीख कळत नाही म्हणे.

मी चौथी शिकलो. अक्षर बरे आहे. चुका होतील, पण हे कोण वाचणार आहे.

आमच्या सावळदरीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता पार उखडला आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलापाशी, बस रुतली, तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. तेव्हापासून बस बंद. फाट्यावर शेलूबाजारची जीप मिळते, पण तिथपर्यंत पायी. नात संस्कृतीने यंदा दहावी दिली, नातू शिवम तिच्याहून लहान. पुढचे कॉलेज शेलूबाजारला. जूनमध्ये काय करायचे, हा विचार छातीवर येऊन बसतो. बीपीची गोळी घेतली की जरा सरकतो, पुन्हा येतो.

बाबूला मी "साहेब" म्हणालो नाही, "भाऊ" म्हणालो. त्याला राग आला असेल का?

१२ एप्रिल

जेवताना सुनेने विषय काढला. वर्षाराणी बी.ए. झालेली आहे, माहेर कारंज्याचे. घरात बोलते कमी. आज बोलली.

"मामाजी, संस्कृतीला कारंज्याला ठेवावं लागते. शिवमचंही तिथंच नाव टाकू म्हणतो. आम्ही खोली पाहून राह्यलो."

"आमी म्हंजे कोन?"

"आम्ही चौघं."

हरीओम ताटातली मिरची बाजूला करत होता. माझा मुलगा कधी मिरची बाजूला करत नाही.

मी विचारले, "आनं बस सुरू झाली त? पोरगी घरूनच शिकन ना मंग."

वर्षाराणीने माझ्या ताटात कढी वाढली. "झाली तर पाहू."

म्हणजे तिने शब्द दिला. बस झाली तर ते जात नाहीत. मी आत येऊन बायकोला, प्रयागबाईला, म्हणालो, तू साक्षीदार हायेस.

प्रयागबाई म्हणाली, "पाहू म्हन्ली ते."

"पाहू म्हंजे काय मंग?"

"पाहू म्हंजे पाहू." ती भांडी घासायला गेली. या बाईला सरळ बोलता येत नाही.

२३ एप्रिल

बसच्या डेपोत गेलो. तिथले साहेब चांगले आहेत, बसायला सांगितले. म्हणाले, रस्ता करून आणा, दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो.

तिथून बांधकाम ऑफिसात. बाबू म्हणाला, "निधी त्या रस्त्याला मिळतो ज्याच्यावर वाहतूक आहे. तुमच्याकडे बस येते का?"

"नाही येत."

"मग वाहतूक नाही. यादीत खाली जाते."

मी म्हणालो, "बस येत नाही ते रस्ता नाही म्हणून."

"तेच तर मी सांगतो आहे, आजोबा."

दोघेही बरोबर बोलतात. माझेच काहीतरी चुकत असले पाहिजे. फाट्यावर उतरलो आणि उन्हात चालताना हेच मनात घोळवत होतो. चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेतल्या, पाय भाजले, पुन्हा घातल्या. भाऊसिंगची बैलबंडी मागून आली म्हणून घरी पोचलो. भाऊसिंग आमच्या शेजारच्या तांड्यातला, हिवाळ्यात ऊस तोडायला जातो, उन्हाळ्यात परततो. रस्ता त्यांचाही हाच.

"काय म्हन्लं सरकार?" त्याने विचारले.

"आधी बस पाह्यजे म्हने, मंग रस्ता."

"मंग आधी लेकरू, मंग लगन." तो बैलांनाच ऐकवत असल्यासारखा बोलला.

मला हसू आले नाही.

६ मे

फोन आला. बांधकाम ऑफिसातून. पाहणीला साहेब येणार, चौदा तारखेला. निधीच्या यादीसाठी रस्ता डोळ्यांनी पाहून अहवाल द्यावा लागतो म्हणे.

मी फोनवर तीन वेळा "हो साहेब" म्हणालो. चौथ्यांदा म्हणालो तेव्हा फोन कटला होता.

पहिला विचार आला तो नाल्याचा. साहेबांची गाडी रपट्यात अडकली तर? तेही बसच्या ड्रायव्हरसारखे शिव्या देत परत जातील. पुन्हा कोण साहेब येणार सावळदरीला? आपल्या दाराशी आलेला माणूस चिखलात उतरला तर त्याची नजर फिरते.

आमच्याकडे रीत आहे. गावात लग्न असले की वऱ्हाड यायच्या आधी मुलीकडची माणसे बंड्या जुंपून रस्त्यात मुरूम टाकतात. वऱ्हाडाची गाडी फसली तर सासरची माणसे लेकीला जन्मभर ऐकवतात, "तुमच्या गावाले जायाचं म्हंजे कंबर मोडून घ्याची." माझ्या बहिणीला अजून ऐकावे लागते. ती सत्तर वर्षांची आहे, सासू मरून जमाना झाला, आता नणंद ऐकवते.

तेव्हा साहेबांसाठी रस्ता नीट करायचा. वऱ्हाडच समजायचे. उद्या बोलतो सगळ्यांशी.

१० मे

तीन दिवस मुरूम चालू आहे. मला वाटले होते कोणी येणार नाही. पण गावातल्या बंड्या निघाल्या, तांड्यातली माणसे आली, हिरीबाई टोपली घेऊन आली. ती भाऊसिंगची बायको, तिच्यापुढे गडी माणसाने बसून राहायची सोय नाही.

आणि हरीओम. त्याने स्वतःहून ट्रॅक्टर आणला. दोन वर्षे मी अर्ज देत फिरतो, पोराने कधी विचारले नाही, बाबा कुठे गेले होते. आता दिवसभर ट्रॉल्या खाली करतो आहे. रपट्यापाशी तर उभा राहून मुरूम दाबून घेतला. "इथं जरा चांगला दाबा. भरलेला टेम्पो गेला पाह्यजे," असे म्हणत होता.

मी म्हणालो, "टेम्पो कायले, साहेबाची जीप हाये."

तो म्हणाला, "जीपही जाईन मंग."

माझा ऊर भरून आला. पोरगा माझ्या बाजूने आहे. ही गोष्ट मी प्रयागबाईला सांगितली. ती लसूण सोलत राहिली.

भाऊसिंग संध्याकाळी मुरमावर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "उकंडभाऊ, लय गुळगुळीत नोको करू."

"काहून?"

"साहेब पाहाले येऊन राह्यला ना? खड्डे पाहाले. तू त त्याले मुरूम दाखवून राह्यला."

"तुले काय समजते. पाहुन्याले कोनी खड्ड्यात घालते का?"

"नाई घालत बापा," तो म्हणाला, "तुयं बरोबर हाये." आणि बिडी विझवून पुन्हा घमेले उचलले. या माणसाला थट्टा सुचते, पण काम करतो.

१३ मे

संस्कृतीचा निकाल लागला. चांगले मार्क आहेत. सगळे खूश. वर्षाराणीने माहेरी फोन केला आणि कितीतरी वेळ अंगणात बोलत होती. मी पेढे आणायला जाणार होतो, पण उद्याची धास्ती आहे. घराच्या पत्र्यावर ढग दिसले की उठून बाहेर जातो. मुरूम वाहून गेला तर सगळे वाया.

पाऊस आला नाही. देवाची कृपा.

१४ मे

साहेब आले.

तरुण आहेत, चष्मा आहे, पायात पांढरे बूट. गाडी फाट्यापासून गावापर्यंत अशी आली की मागे धूळ उडाली तेवढेच. कुठे दचका नाही. रपट्यापाशी मी उभा होतो. गाडी पार झाली आणि भाऊसिंगने माझ्याकडे पाहिले. मी वर पाहिले, हात जोडले.

साहेबांना रस वाढला, सोबत कुरडई, पातोडीची भाजी. साहेब म्हणाले, पोट बिघडेल, तरी दोन वाट्या रस घेतला. बुटांना चिखल नव्हता. मी मुद्दाम पाहिले.

मी म्हणालो, "साहेब, रस्ता लय खराब आहे आमचा. पावसाळ्यात पाहा तुम्ही."

साहेब म्हणाले, "आता तर मे महिना आहे आजोबा." मग मोबाईलवर फोटो काढले. फाट्याकडून एक, रपट्यावरून एक. म्हणाले, "गावात एकी दिसते. असे रस्ते ठेवणारी गावे कमी."

माझी मान ताठ झाली. चौथी शिकलेल्या माणसाच्या गावाला साहेबांनी असे म्हणावे. गाडी गेल्यावर लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हरीओम नुसता रस्त्याकडे पाहत होता. तोही मनातून खूश असणार.

रात्रीच्या गोळ्या आज विसरलो आणि काही झाले नाही.

१५ मे

प्रयागबाईने सकाळी विचारले, "साहेबानं कागदावर काय लिहून नेलं?"

मी म्हणालो, काय लिहिणार, रस्ता पाहिजे म्हणून लिहिले असेल.

"तुमी वाचलं का?"

साहेबाचा कागद कोणी वाचायला मागते का? पण तिने विचारल्यापासून एका जागी बसवत नाही. रस जास्त झाला असेल.

२ जून

बांधकाम ऑफिसात गेलो. बाबूने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितले. रस्ता सुस्थितीत आहे, वाहतुकीस योग्य आहे, तातडीने निधीची गरज नाही. असा अहवाल आहे. फोटो जोडलेले आहेत.

त्याने फोटो दाखवलेही. सुंदर रस्ता होता. मला क्षणभर वाटले, हे कोणते गाव?

मी म्हणालो, "भाऊ, तो मुरूम आम्ही टाकला होता. साहेबांची गाडी फसू नये म्हणून."

बाबूने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. या वेळी तो हसला नाही. पलीकडची बाई म्हणाली, "अहो आजोबा, असं कोणी करते का?" आणि तिने मला पाणी दिले. तिने पाणी दिले त्याचेच जास्त वाईट वाटले.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज द्या, म्हणाले.

घरी कोणाला सांगितले नाही. भाऊसिंगला सांगावे लागले, तो बंडी घेऊन फाट्यावर उभा होता. वाटले होते, टोमणा मारेल. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बैल हाकलले.

५ जून

जेवण जात नाही. चूक माझी आहे. मी गावाला मुरूम टाकायला लावला. हे पुसून टाकावे का? नको, तारीख आहे.

१७ जून

आज ते गेले.

टेम्पो सकाळी आला. भरलेला टेम्पो रपट्यावरून काही न होता गेला. कपाट, दोन्ही पलंग, शिवमची सायकल, शिलाई मशीन. मी मशीनकडे बोट दाखवून म्हणालो, "हे राहू द्या, सुट्टीत आल्यावर लागन." वर्षाराणी म्हणाली, "लागते मामाजी तिकडे." ती माझ्या पाया पडली, प्रयागबाईच्या पाया पडली. दोघींनी डोळे पुसले. मला वाटते प्रयागबाईचे जास्त वेळ ओले होते.

हरीओम म्हणाला, "बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. मी येत जाईन."

मी म्हणालो, "माह्या हातून साहेबाचं बिघडलं. नाई त तुमाले जा लागलं नसतं."

हरीओमने बायकोकडे पाहिले, मग टेम्पोत बसला. तो मला दोष देत नाही. पोरगा मनाने मोठा आहे.

संस्कृती मागे सामानावर बसली होती. वळणापर्यंत हात हलवत होती.

२१ जून

खालच्या वावरात कोणीतरी वखर चालवत होते म्हणून काठी टेकत गेलो. भाऊसिंग होता. मी विचारले, माह्या वावरात काय करतो?

त्याने बैल थांबवले. "मक्त्यानं घेतलं मी, उकंडभाऊ. हरीओमनं देल्लं."

"कधी?"

"पाडव्याले."

वर्षाच्या मक्त्याने जमीन कसायला देणे, सालदार ठेवणे, हे बोलणे आमच्याकडे पाडव्यालाच होते, हे खरे. पण पाडवा एप्रिलच्याही आधी झाला. तेव्हा जेवताना विषयही निघाला नव्हता.

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुले कसं सांगू? तू त अर्ज लिव्हाले पेनात शाई भरून बसला होता."

"आनं तरी मुरूम टाकाले आला तू?"

"तू बलावलं म्हनून आलो." त्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली. "सायंकाळी ये. हिरीबाई भाकर देईन."

मी घरी येताना विचार केला. हरीओम शहाणा आहे. बस नाही झाली तर वावर पडीक राहू नये म्हणून त्याने आधीच सोय करून ठेवली. खबरदारी घेतली. पण मला का सांगितले नाही? बीपी वाढेल म्हणून नसेल सांगितले.

प्रयागबाईला सांगितले, खालचे वावर मक्त्याने दिले आहे. ती म्हणाली, "माईत हाये."

४ जुलै

बस आली. सकाळी नऊला हॉर्न वाजला आणि मला वाटले स्वप्न आहे. बांधकामचा अहवाल डेपोला गेला होता. रस्ता वाहतुकीस योग्य, म्हणून त्यांनी बस सोडली. सकाळची एक, संध्याकाळची एक, शेलूबाजारपर्यंत.

म्हणजे माझा मुरूम वाया गेला नाही. मी कंडक्टरला पाणी दिले. घाईत अर्धे पाणी त्याच्या पँटवर सांडले. तो म्हणाला, असू द्या.

लगेच हरीओमला फोन लावला. "बस आली. आता या. संस्कृती घरून जाईन शेलूबाजारले. तुह्या बायकोनं शब्द देल्ला होता."

मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बाबा, आता तिचं इथं कॉलेजात नाव टाकलं."

"काढता येते नाव."

"शिवमचंही टाकलं."

"त्याचंही काढता येते."

"बाबा," तो म्हणाला, "तुमी जेवले का?"

६ जुलै

रात्री उठून बसलो. मला हे समजत नाही. बस नव्हती म्हणून ते गेले. बस आली तर ते का येत नाहीत? कागदावर दोन्ही ओळी लिहून पाहिल्या. दोन्ही बरोबर आहेत आणि मध्ये काहीतरी सुटते आहे, वजाबाकीत हातचा विसरावा तसे. प्रयागबाईला विचारले. ती म्हणाली, "झोपा आता." मग थोड्या वेळाने अंधारात म्हणाली, "सुनेले सतरा वर्स झाले या घरात. कधी तिनं काई मांगतलं का?"

मी म्हणालो, नाही मागितले, चांगली आहे. प्रयागबाईने कूस बदलली.

१९ जुलै

आज बसने कारंज्याला जाऊन आलो. शेलूबाजारला गाडी बदलली. पंचाहत्तरच्या वर फुकट आहे. कंडक्टरने शून्याचे तिकीट फाडून दिले आणि म्हणाला, "ठेवा, प्रवासी मोजायला लागते." आमच्या गावातून बसमध्ये मी आणि एक दूधवाला. मी त्याला म्हणालो, रोज ये जा, नाही तर बंद करतील. तो म्हणाला, माझी मोटारसायकल दुरुस्त होऊन राह्यली.

हरीओमची खोली वरच्या मजल्यावर आहे. छोटी आहे. मशीन खिडकीत लावले आहे, बाहेर ब्लाऊज शिवून मिळेल म्हणून पाटी आहे. मी पायऱ्या चढत होतो तेव्हा वरून कोणीतरी मोठ्याने हसत होते. वर पोचलो तर वर्षाराणी, शेजारणीसोबत. ती इतकी मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हते. मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि हसणे थांबले. चहा केला, चांगला केला. शहरात शेजाऱ्यांशी हसावेच लागत असेल, नाही तर लोक नावे ठेवतात.

मी पुन्हा बसचे सांगितले. नऊला येते, वेळेवर येते, बसायला जागा आहे.

वर्षाराणी म्हणाली, "मामाजी, तुम्ही आणि आत्याबाई येत जा ना त्या बसने." ती मनापासून म्हणाली. मग सुई ओवू लागली.

संस्कृती कॉलेजातून आली. माझ्या खांद्याला बिलगली. "आबा, आजीले कायले नाई आनलं?"

मी म्हणालो, पुढच्या वेळी आणतो.

परतताना आभाळ भरले होते आणि शेलूबाजारहून निघालो तेव्हा पाऊस पडायला लागला. नाल्यापाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली, उतरून पाहिले, परत चढला. रपट्याच्या एका बाजूचा मुरूम वाहून गेला होता, खालचे दगड दिसत होते. त्याने गाडी हळूहळू काढली. गाव आल्यावर मला हात देऊन उतरवले आणि म्हणाला, "आजोबा, उद्यापासून फाट्यापर्यंतच. वर कळवतो मी. इतक्यावर गाडी घालता येत नाही."

मी म्हणालो, आम्ही मुरूम टाकू.

"आता पावसात कुठला मुरूम टाकता," तो म्हणाला. चांगला माणूस आहे.

घरी आलो तर प्रयागबाई चुलीपाशी नव्हती. खाटेवर सगळे पसरून बसली होती. मुगवड्या, कुरड्या, लोणच्याची बरणी, सगळे एका धोतराच्या फडक्यात बांधत होती. हिरवे लुगडे बाहेर काढले होते. संस्कृतीचा फोन आला होता म्हणे, आजी तू ये. जन्मात ती बसने एकटी कुठे गेली नाही. म्हणाली, "तुमी नोका येऊ, थकले असान. मी जाऊन येतो. कंडक्टर सांगन ना कुठं उतराचं?"

"सांगन."

"बस सकाळी कितीले येते?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती फडक्याची गाठ दातांनी आवळत माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "नऊले."